चाड्याचं तिसरं भोक

माझ्याकडे सगळे पर्याय चालूच होते,
म्हणून मला कळलंच नाही.
ज्याच्या यंत्रावर त्या एका ओळीपुढे ‘नाही’ होतं
त्याच्याकडे बिल्ड मोडलं,
फाइलसिस्टीमच्या अगदी दारात.
लिंकर म्हणतो, तू हाक मारलीस खरी,
पण या नावाचं इथे कोणी राहत नाही.

अखजी होऊन गेलेली. मानोऱ्याकडून येणारा वारा
लॅपटॉपच्या पंख्याहून गरम.
ओल्या दुपट्ट्यावर यंत्र ठेवून मी पहिली दुरुस्ती केली:
जिथे हाक, तिथे इफडेफ.
सात जागा.
काट्याच्या फांद्या टाकून
सात ठिकाणी अडवलेली पांदण.
कम्पाइल झालं, पण वाचवेना.
फाइल जन्मते कशी, एवढंच सांगणारं साधं फंक्शन
दर चौथ्या ओळीला अडखळत होतं,
असेल तर? नसेल तर?

समोर लिंबाखाली देवमनकाका
कोणाची तरी तिफण उताणी घालून बसलेले.
तीन फण, तीन नळे, वर लाकडी चाडं, त्याला तीन भोकं.
मालकाला यंदा मधल्या तासात
सरत्यानं तूर हवी.
मला वाटलं, मधलं सगळं काढून टाकतील.
काकांनी फक्त चिंध्यांचा बोळा वळला.
“तिफन हाय तशी राहू दे.
पुढच्या साली चिंधी काढली का झालं.”

मी आत येऊन साती फांद्या उचलल्या.
हेडरमध्ये एकदाच लिहिलं, पर्याय नसेल त्या दिवसासाठी,
त्याच नावाचं, तेवढंच मागणारं
रिकामं फंक्शन.
काही करत नाही. शून्य परत देतं.
कम्पायलर त्याला असं पुसतो
की पावलाचा ठसाही उरत नाही.
असंच दुसरं. तेही शून्य.
पहिलं, नव्या फाइलीला परवानग्यांची यादी चिकटवणारं;
नसली यादी तर नसली.
दुसरं, कोणी मुद्दाम येऊन सांगतं
ही फाइल फक्त आम्हा तिघांना उघडू दे, तेव्हाचं.

“खालून नोको बुजवू, मोरेश्वर!”
नातू नळ्याच्या टोकात बोळा कोंबत होता.
“खालून बुजवशीन त पंचफुलाबाई मूठ सोडतच राहीन.
तिले वाटीन बी पडून रायलं.
वरून बुजव.
बोटाले लागलं पायजे का इथं रस्ता नाही.”

मला ते साल आठवतं. नळ्यात चिखल बसलेला,
कोणाला पत्ता नाही.
आठ दिवसांनी शेत उगवलं, दर तिसरं तास खाली,
आणि चाड्यावर जिनं मूठ धरली होती
ती बांधावर उभी राहून
आपलीच बोटं बघत होती.

दुसऱ्या शून्यावर कर्सर कितीतरी वेळ लुकलुकत राहिला.
जो म्हणतो कुलूप लाव, त्याला शून्य देणं म्हणजे
लावलं, असं सांगणं.
तो निवांत झोपेल.
दार सताड.

शून्य खोडलं. उणे पंच्याण्णव लिहिलं:
ही सोय इथे नाही.
पहिल्याचं शून्य मात्र राहू दिलं. त्यात खोटं काही नव्हतं.
मग पर्याय बंद करून बिल्ड लावलं,
मग चालू करून.
दोन्ही मिळून सव्वा तास; मधे एकदा लाइन गेली.

चार वाजता पंचफुलाबाई आली.
पाणी प्यायली, चाड्यापाशी बसली,
पहिल्या भोकात करंगळी घातली, दुसऱ्यात,
काकांनी काही सांगायच्या आत तिसऱ्यात.
“बुजवलं का हे?”
“हो.”
“बरं,” म्हणाली, आणि तरीही
करंगळीनं बोळा एकदा दाबून पाहिला.